मागच्या दारचं वर्ष

आज सकाळी धुण्याच्या दगडावर परीट आला.

दसरा होऊन गेला की भोरची हवा कोरडी व्हायला लागते. चार महिने भिजलेल्या भिंती हळूहळू आपल्या मूळ रंगावर येतात. नीरेवरचं धुकं अजून पातळ असतं, आणि वारा फिरला की पिकत आलेल्या भाताचा वास पार घरात येतो. याच दिवसांत हा पक्षी येतो. चिमणीएवढा, अंगानं सडपातळ, पोटाशी पिवळा, आणि शेपटी सारखी खाली-वर. दगडावर कपडे आपटल्यासारखी हलते म्हणून तो परीट. लांब उत्तरेकडून, हिमालयाच्या बाजूनं येतो म्हणतात. मी बादली हातात तशीच धरून उभी राहिले. त्यानं नळाखालच्या ओलीतले किडे टिपले, थोडा इकडे चालला, थोडा तिकडे चालला आणि आवळ्याखालून पलीकडे गेला. कुणाला मुद्दाम सांगावं असं त्यात काही नव्हतं. आणि सांगायला घरात कुणी नाहीही.

हे असते तर म्हणाले असते, "आली बघ मुक्कामी गाडी."

हे म्हणजे माझे यजमान. एसटीत ड्रायव्हर होते. सगळी नोकरी भोर, वेल्हे, नसरापूर, स्वारगेट याच रस्त्यांवर गेली. पहिली गाडी असली की उजाडायच्या आत निघायचे आणि परत यायचे ते दिवेलागण होऊन गेल्यावर. कधी मुक्कामी गाडी असायची, म्हणजे डोंगरातल्या एखाद्या गावी गाडी लावायची, तिथंच देवळात झोपायचं आणि सकाळी माणसं भरून परत. सुट्टीच्या दिवशी ते झोपायचे, नाहीतर वेल्ह्याकडे गावी जायचे. तोरण्याच्या पायथ्याशी त्यांच्या धाकट्या भावाकडे भाताची खाचरं होती. मी इथं शाळेत शिकवायचे. मुलगा अमोल माझ्याच शाळेत शिकला, मोठा झाला, पुण्याला गेला. आमचं दोघांचं बोलणं म्हणजे डबा भरला का, पाणी आलं का, उद्या कुठली पाळी. भांडण असं कधी झालंच नाही. भांडायला दोघं एका वेळी जागे असावे लागतात.

आमचं घर गावाच्या टोकाला आहे. पुढं रस्ता आणि मागं लांबट परस. त्यात आवळा, शेवगा, केळीचं बेट, एक जास्वंद आणि अगदी शेवटी कुंपणाशी जुना उंबर. हे परस यांनी स्वतःच्या हातानं लावलेलं, पण उजेडात कधी नीट पाहिलेलंच नव्हतं. रोपं लावायची ती संध्याकाळी, बॅटरी धरून. मला मात्र ते पाठ होतं. शाळेतून मी मुदतीच्या आधीच निवृत्ती घेतली होती, तेव्हापासून दुपार माझी एकटीची असायची. जेवण झालं की मागच्या दाराच्या पायरीवर बसायचं, तांदूळ निवडायचे आणि कोण आलं, कोण गेलं ते बघायचं. सातभाई, दयाळ, बुलबुल, शिंपी, खारी. शाळेतल्या मुलांची नावं जशी आपोआप तोंडात बसतात तशी ही नावं बसली होती.

ते निवृत्त झाले ते असेच दिवस होते. पहिल्या दिवशी ते माझ्या पायरीवर येऊन बसले. खरं सांगायचं तर मला ते आवडलं नाही. माझी दुपार, माझी जागा, तिथं हा उंच माणूस मांडी न घालता पाय पसरून बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून. थोडा वेळ गेला आणि एकदम म्हणाले, "त्यो बघ. कुंपणावर. काळा-पांढरा. कोण त्यो?"

"दयाळ," मी म्हटलं.

"आन ही खालून पळतीय?"

"ती खार. खार तरी माहीत असेल की तुम्हाला."

"खार म्हाईत हाय," म्हणाले आणि हसले.

त्यांची नजर मात्र विलक्षण होती. गाडी चालवणाऱ्याची नजर. समोर बघत असतानाही दोन्ही बाजूचं काही हललं की त्यांना कळायचं. मी वर्षानुवर्षं बसत होते, पण केळीच्या बुडाशी मुंगसाचं येणं-जाणं आहे हे मला त्यांनी दाखवलं. वाळक्या पानांत नुसती एक रेघ सरकायची. ते हळूच माझ्या कोपराला बोट लावायचे. तो स्पर्श मला आधी नवाच वाटायचा. एकदा ते मुंगूस उघड्यावर आलं, मागच्या पायांवर उभं राहिलं आणि आमच्याकडे चांगलं रोखून बघून गेलं. ते गेल्यावर हे ती वाळकी पानं बघत राहिले. मग म्हणाले, "घाटात म्या नुसतं डोळं बघितल्यात. दिव्याच्या उजेडात दोन ठिपकं. आंग आत्ता बघतोय."

त्या कार्तिकात आम्ही भात काढायला गावी गेलो. एसटीनंच गेलो. हे खिडकीशी बसले होते आणि प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय खाली पत्र्यावर दाबला जात होता. वेल्ह्याच्या बाजारात उतरून शंकरभाऊजींसाठी, म्हणजे धाकट्या दिरांसाठी, फरसाण घेतलं आणि पुढं जीपनं गेलो. दुपारी बांधावर सगळे भाकरी खायला बसलो होतो. ओढ्याकडच्या जाळीतून एक मोठा पक्षी जड उडत गेला, काळा, पंख विटकरी. मी सवयीनं यांना म्हटलं, "हा भारद्वाज बरं का."

शंकरभाऊजी हसायला लागले. "वहिनी, दादाला काय सांगताय? ह्यो कुंभारकावळा. त्यानंच मला दावला ल्हानपणी. ह्याच्या मागं गुरं सोडून पळायचा, आन मार म्या खायचो."

मी यांच्याकडे बघितलं. ते कांदा फोडत होते, मान खाली घालून.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "मग सगळी नावं माहीत होती तुम्हाला?"

"समदी न्हाई. आमची नावं येगळी."

"पण माहीत होती."

"व्हय."

"मग मला का विचारत होतात?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर कापलेली खाचरं, जागोजागी रचलेल्या भाताच्या उडव्या, आणि त्यांवर उतरतं ऊन. तिकडेच बघत म्हणाले, "मग काय बोलणार तुझ्याशी? डिझेलचं? इतकी वर्सं आपण कायबी बोललोच न्हाई. सुरवात कुठनं करायची ते कळंना मला."

गाडीत ओळखीची माणसं होती, नाहीतर मी त्यांचा हात धरला असता. घरी आल्यावर मी चहा टाकला. ते मागच्या पायरीवर जाऊन बसले आणि तिथून हाक मारून विचारलं, शेवग्यावर कोण बसलंय ते जरा बघून सांग. मी कप घेऊन बाहेर गेले आणि सांगितलं. त्यानंतरही ते विचारत राहिले आणि मी सांगत राहिले. फक्त आता त्यांचंही नाव ते सांगायचे. एकाच पक्ष्याला घरात दोन नावं झाली.

माणसाच्या आयुष्यात सुखाचा काळ चालू असतो तेव्हा तो सुखाचा आहे हे कळत नाही, असं म्हणतात. मला ते कळलं होतं. त्या हिवाळ्यात मला रोज कळत होतं. नदीवरून धुकं उंबरापर्यंत यायचं आणि उन्हाची पहिली तिरीप कुंपणावर पडली की तिथं तो भारद्वाज, त्यांचा कुंभारकावळा, पंख पसरून पाठ शेकायला बसायचा. आम्हीही तशीच पाठ उन्हाला देऊन बसायचो. सातभाईंचा घोळका कलकलाट करत पाचोळ्यात उतरला की हे म्हणायचे, "ह्या वेल्ह्याच्या बाजारच्या बाया. समद्यांना एकाच शीटवर बसायचंय." मी पूर्वी कधी यांना गमतीचं बोलताना ऐकलं नव्हतं. गाडीत बोलत असतील, कंडक्टरशी. घरी आणायला ते उरत नसेल.

मग माघ सरला, फाल्गुन आला. परीट एका सकाळी दिसला नाही, तो गेलाच. तांबटाचं टुकटुक सुरू झालं. भर दुपारी, कुणीतरी भांड्याला ठोके घालतंय तसं, न थकता. उंबर खोडापासून फळांनी लगडला. दिवसभर त्याच्यावर पोपट, बुलबुल, कोकिळा, आणि एकदा धनेशाची जोडी. धनेश आले तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. हे ओरडले नाहीत. आत आले, माझ्या हातातलं उलथणं काढून घेतलं आणि मला दंडाला धरून बाहेर नेलं. करडे, बाकदार चोचीचे ते दोन मोठे पक्षी. नर एकेक उंबर तोडून मादीला भरवत होता. आम्ही दारात उभे होतो. पोळी तव्यावर करपली.

चैत्रात एक धामण मोरीच्या पाण्याला येऊ लागली. शेजारचे काठी घेऊन आले. त्यांच्याकडे लहान लेकरं आहेत, त्यांची भीती काही खोटी नव्हती. हे मध्ये उभे राहिले आणि त्यांना समजावलं की ही बिनविषारी, उंदरांसाठी येते, उन्हाळा सरला की दिसायची नाही. ते ऐकेनात तेव्हा हे म्हणाले, "तिकीट काढल्यालं न्हाई तिनं, पर बसू द्या. पुढच्या थांब्याला उतरंल." शेजारी हसले आणि काठी खाली गेली. पण त्या दिवशी मला वेगळंच काही दिसलं. एवढंसं बोलून यांना दम लागला होता. ते भिंतीला टेकले आणि मला म्हणाले, ऊन लई हाय.

ऊन नव्हतं ते. आधी इथल्या डॉक्टरांनी पाहिलं, मग अमोलनं पुण्याला नेलं. हृदय थकलेलं होतं, फार दिवसांपासून. औषधं सुरू झाली. वैशाखभर ते घरीच होते, पायरीवर उशी घेऊन बसायचे. मुंगसाची पिल्लं त्याच दिवसांत पहिल्यांदा बाहेर आली. आईच्या मागं रांगेनं चालत होती आणि केळीच्या वाफ्यात पाणी साचलं होतं तिथं अडखळून एकमेकांवर पडत होती. हे हसले आणि हसता हसता खोकले. मी पाठीवर हात फिरवत राहिले, पिल्लं बघत राहिले. ज्येष्ठात पावशा ओरडू लागला तेव्हा यांच्या पायांवर सूज आली, आणि आषाढात आम्ही पुण्याच्या दवाखान्यात होतो.

तिथली खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडायची. पाऊस दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा. मी दिवसभर त्यांच्याजवळ असायचे. अमोल ऑफिस सुटल्यावर यायचा, औषधं आणायचा, माझ्यासाठी डबा आणायचा आणि वडिलांच्या पायाशी बसून राहायचा. त्यालाही यांच्याशी काय बोलावं ते कळत नव्हतं. ते मी ओळखत होते.

एक दिवस दुपारी त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "आज कोण आलं?"

मला वाटलं, भेटायला कोण आलं ते विचारतायत. शंकरभाऊजी सकाळी येऊन गेल्याचं मी सांगितलं.

"ते न्हाई. मागं. परसात."

मी तर त्यांच्यासारखीच पुण्यात होते. भोरचं घर बंद होतं. पण मी सांगायला सुरुवात केली. म्हटलं, उंबरावर पोपट आले असतील. धुण्याच्या दगडावर शेवाळ चढलं असेल, त्यावर गोगलगायी असतील. कुंपणावर दयाळ गात असेल.

"आता न्हाई गात त्यो," ते म्हणाले. "पाऊस लागला की हळूहळू गप हुतो."

"मग नुसता बसला असेल."

"व्हय. बसला आसंल."

त्यानंतर रोज दुपारी हे चालायचं. बंद घराच्या मागं काय चाललं असेल ते आम्ही दोघं मिळून ठरवायचो. चुकलं की ते दुरुस्त करायचे. भारद्वाज पावसात कुठं बसतो, केळीच्या बुडात पाणी शिरलं तर मुंगसं कुठं जातील, यावर ते डोळे मिटून विचार करायचे. नर्सबाई एकदा म्हणाल्या, आजोबांची शेती मोठी दिसते. मी हो म्हटलं.

शेवटच्या संध्याकाळी ते फार बोलले नाहीत. पिल्लं आता आईएवढी झाली असतील, असं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. श्रावणातली सकाळ होती, अमोल चहा आणायला खाली गेला होता, आणि माझा हात त्यांच्या हातात होता. काही त्रास झाला नाही त्यांना. मला आधी कळलंच नाही.

त्यांना भोरला आणलं. दहाव्याला नीरेच्या घाटावर मीही गेले होते. आकाश भरलेलं, नदी गढूळ, दुथडी वाहणारी. पिंड ठेवला आणि सगळे मागं सरायला लागले, तोवर कावळा आलाही. आम्ही नीट मागं झालोही नव्हतो. शिवून गेला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. भटजी म्हणाले, पुण्यवान माणूस, काही अडकलेलं नव्हतं. बायका माझ्या पाठीवरून हात फिरवत तेच म्हणत होत्या. मला मात्र फार वाईट वाटलं. थोडं अडायला हवं होतं. थोडा तरी वेळ त्यानं लावायला हवा होता.

हे मी फक्त शंकरभाऊजींना बोलले, घाटाच्या पायऱ्या चढताना. ते थांबले. पंच्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "वहिनी, दादा दर सांजच्याला मला फोन करायचा. आज मुंगूस आलं, आज धनेश आला. आमाला रानात ते रोजचं. पर म्या ऐकायचो. कारण शेवटाला म्हणायचा, तुझी वहिनीबी व्हती बघायला." आम्ही दोघं तिथं पायरीवर उभे होतो आणि बाकीचे आमची वाट बघत रिक्षांपाशी थांबले होते.

तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. मागं मोठी पातेली घासायला चार-चार बाया बसायच्या, मुलं उंबराला झोका बांधून ओरडायची. पक्षी एक आला नाही. मग एकेक करून सगळे गेले. अमोल मला पुण्याला चल म्हणत होता, आजही म्हणतो. मी काही महिने राहूनही आले. चौथा मजला, आणि खिडकीत कबुतरं. सूनबाई माझ्यासाठी त्या खिडकीत खुर्ची ठेवायची, तिच्या मायेत काही कमी नव्हतं. पण मी परत आले.

आता परस पूर्वीसारखं नाही. गेल्या उन्हाळ्यातल्या वादळानं उंबर बुडातून मोडला. ज्या दिवशी तो कापून नेला त्या दिवशी मागं एवढा उजेड झाला की मला दार उघडवेना. धनेश त्यानंतर आलेले नाहीत. पलीकडच्या रिकाम्या जागेत प्लॉट पडले आहेत आणि एकाचं सिमेंटचं कुंपण झालंय, त्यामुळं मुंगसाची वाट अडली. ते आता लांबून, मोरीच्या बाजूनं वळसा घालून येतं. अमोल म्हणतो, मागं फरशी टाकून घेऊ, चिखल तरी होणार नाही. मी त्याला म्हटलं, मी आहे तोवर चिखल होऊ दे.

तेरावं झाल्यानंतरची ती पहिली दुपार मला अजून आठवते. घर रिकामं होतं. मी जेवले नाही, तशीच पायरीवर जाऊन बसले. बऱ्याच वेळानं सातभाई आले. पाचोळा उलटत, एकमेकांवर ओरडत, नेहमीसारखे. मग शेवग्यावर बुलबुल आला. मग खार. मला त्यांचा राग आला. एवढा मोठा माणूस इथून गेला आणि यांच्यातल्या एकाचंही काही अडलेलं नाही, एकालाही ते कळलेलं नाही. मी त्या दिवशी तिथं बसून पहिल्यांदा मोठ्यानं रडले. त्या आवाजानं सगळे उडून गेले.

पण नंतर काही दिवसांनी माझ्या लक्षात एक गोष्ट आली. आम्ही दोघं बसायचो तेव्हा दयाळ कुंपणावरून खाली उतरत नसे. सातभाई आवळ्याच्या अलीकडे येत नसत. मुंगूस केळीपाशीच थबकायचं. दोन माणसांपासून राखायचं अंतर त्यांनी मनाशी ठरवलेलं होतं आणि वर्षभर ते मोडलं नव्हतं. आता दयाळ माझ्यासमोर परसात उतरतो. सातभाई पायरीखालच्या तांदळाच्या कण्या टिपून जातात, माझं पाऊल तिथं असतानाही. एकदा मुंगूस मोरीवरून आलं आणि पायरीच्या कडेपर्यंत आलं, हात लांबवला असता तर त्याच्या पाठीला लागला असता. तिथं ते थांबलं. माझ्या शेजारच्या जागेकडे त्यानं बघितलं, आणि मग माझ्याकडे.

म्हणजे त्यांना कळलं होतं. एक माणूस कमी झाल्याचं त्यांनी केव्हाच हेरलं होतं आणि तेवढेच ते पुढं सरकले होते.

लोक म्हणतात, तुमच्याकडे पक्षी किती जवळ येतात, नशीबवान आहात. मी हसते. दुपारी पायरीवर बसले की मात्र हात हलवून मीच त्यांना थोडं मागं सारते.